हळदीचा हुकूम

माझं लग्न ठरलं त्याच हिवाळ्यात आमच्या गावाला कलेक्टर येणार अशी बातमी आली, आणि खरं सांगते, मला लग्नापेक्षा कलेक्टरचंच जास्त अप्रूप वाटलं. नवरा काय, पुढं जन्मभर बघायचाच होता. कलेक्टर एकदाच येणार होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. खडी फोडून सोललेले हात पुन्हा कापूस वेचायला लागले होते. जिंतूरच्या रस्त्यावरचं आमचं गाव. एसटी थांबायची आणि तिच्यातून कधी तलाठी उतरायचा, कधी ग्रामसेवक. आमच्या लेखी सरकार म्हणजे हे दोघं. त्यांच्या वर तहसीलदार असतो हे ऐकून माहीत होतं, त्याच्याही वरचा कुणी बघितलेला नव्हता. मी मॅट्रिक झालेली, गावातल्या पोरींत तेवढी शिकलेली मी एकटीच, आणि मला चौकशीची वाईट खोड. कलेक्टर म्हणजे नेमकं काय असतं, असं मी भेटेल त्याला विचारत सुटले.

माय म्हणाली, “मोठा सायब असतोय. तू आधी तूर निवड.” बापू, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “जिल्ह्याचा मालक.” जिल्हा त्याच्या नावावर आहे का, त्याचा सातबारा कुठं असतो, असं मी विचारल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि शेताकडं निघून गेले.

धड उत्तर दिलं ते आत्यानं. आत्या बापूंची थोरली बहीण. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला, तेव्हा ती माहेरी आली ती कायमचीच. माय दिवसभर शेतात, त्यामुळं मला न्हाऊ घालण्यापासून माझ्या उवा मारण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. मी तिच्या कडेवरच मोठी झाले म्हटलं तरी चालेल.

“तालुकदार गं त्यो,” आत्या म्हणाली. “आता नाव बदललं आसंल. खुर्ची तीच.”

निजामाच्या वेळी जिल्ह्याचा मोठा अंमलदार म्हणजे तालुकदार. आत्या लहान असताना तो दौऱ्यावर यायचा, आमराईत तंबू पडायचा, आणि अख्खा गाव हात बांधून पुढं उभा. एकदा कुणा सुनेला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. ती लेकरू कडेवर घेऊन थेट तंबूपुढं जाऊन बसली. तालुकदारानं तिचं ऐकून घेतलं आणि सासऱ्याकडं बघून एवढंच म्हणाला, इसको घर में लेव. दिवस मावळायच्या आत घेतलं की हो तिला घरात!

“ना कोर्ट ना कचेरी,” आत्या सांगायची. “त्यो बोलला, झालं.”

“आणि कुणी नाही ऐकलं तर?”

“आगं, निजामाचा मानूस त्यो. न्हाई ऐकून जाशील कुटं?”

मला ह्याची मोठी गंमत वाटायची. कारण ज्या निजामाच्या माणसाचं ती एवढं कौतुक सांगत होती, त्याच निजामाविरुद्ध हिनं काडतुसं वाहिली होती. मी तसं तोंडावर म्हटलं, तर म्हणाली, “राज वाईट व्हतं. हुकूम बरा व्हता.” आता ह्याच्यापुढं काय बोलणार!

काडतुसांची गोष्ट अशी. निजामाचं राज्य उलथायला निघालेली माणसं तेव्हा हद्दीपलीकडं, वऱ्हाडात तळ ठोकून होती. तिकडं आत्याची मावशी राहायची. तरणी विधवा मावशीला भेटायला जाते, ह्यात कुणाला काय संशय येणार? येताना आत्या लाल तिखटाचं गाठोडं आणायची आणि तिखटात काडतुसं असायची. जकातीच्या नाक्यावर एकदा शिपायानं गाठोड्यात हात घातलाच. वरच्या वर घातला, काही लागलं नाही, पण तोच हात त्यानं डोळ्याला लावला. मग कसली तपासणी! बोंबलायला लागला बिचारा. आत्यानं नाक्यावरच्याच रांजणातलं पाणी घेऊन त्याचे डोळे धुतले, पदरानं पुसले. तो म्हणाला, जाव अम्मा, जाव. अम्मा कसली, तेव्हा ती माझ्याएवढी असेल.

ही हकीकत घरात आम्हांला पाठ होती, गावात फारशी कुणाला माहीत नव्हती. ती बाहेर काढली शाळेच्या गुरुजींनी. निजामाविरुद्धच्या लढ्यात ज्यांनी काम केलं त्यांचा कलेक्टरांच्या हातून सत्कार करायचा ठरला, तेव्हा आसपासच्या गावांतून माणसं शोधायचं काम गुरुजींकडं आलं. त्यांनी आत्याचं नाव घेतल्यावर गावाला धक्काच बसला. बाई? आणि तीही ही, जी लग्नकार्यात मागच्या दारानं भांडी घासायला जाते?

आत्याला आधी त्याचं काहीच नव्हतं. “मला काय करायचा सत्कार? चुलीत घालू?” असं म्हणून तिनं गुरुजींना वाटेला लावलं होतं. पण सत्कार स्वतः कलेक्टर करणार, तो समोर उभा राहणार, हे कळल्यावर तिचा नूर पालटला. दुसऱ्या दिवशी परसात सरकी निवडता निवडता मला म्हणाली, “मी जानार. त्याला एक हुकूम मागायचाय.”

“कशाचा?”

“तुज्या हळदीचा.”

लग्न पंधरवड्यावर आलं होतं. नवरीला हळद लावतात त्या सवाशिणी. विधवेनं तिथं फिरकायचंसुद्धा नाही. मला वाढवलं आत्यानं, आणि माझ्या अंगाला हळद लावणार कोण, तर वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्या चुलत चुलत्या! मी मायला विचारलं होतं, की रोज वरणात हळद आत्याच टाकते, ती आपण सगळे खातो, मग अंगाला लावली तर काय होतं? माय म्हणाली, “डब्यातली येगळी, अंगाची येगळी.” का वेगळी? “तसंच असतंय.” आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचा तळ गाठला की हेच उत्तर यायचं.

तर आत्याला वाटत होतं, तालुकदारानं म्हटलं की सगळं होतं. एका बोलण्यात सुनेला घर मिळालं, तर हिला चिमूटभर हळद का नाही मिळणार? मला ते खरं वाटेना आणि खोटंही वाटेना. म्हणून मी गुरुजींकडं गेले.

गुरुजी बौद्ध. त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा गुरुजी ऐन विशीत होते. बोलणं मोजकं, पण असं की माणूस घरी जाऊन त्याचा विचार करत बसतो. मी विचारलं, कलेक्टरला काय काय करता येतं? ते म्हणाले, बरंच. धान्याचं दुकान कुणाला द्यायचं, पोलीस पाटील कोण, तळ्यासाठी जमीन कुणाची घ्यायची, जत्रा बंद ठेवायची की चालू. मी विचारलं, आणि हळद?

त्यांनी चष्मा काढला. “हळद कायद्यात नाही बाई.”

“मग आत्याला कुणी मना केलंय?”

“तेच तर. मना करणारा कुणी दिसत नाही, म्हणून परवानगी देणाराही कुणी सापडत नाही.” मग चष्मा पुसत म्हणाले, “आमी बौद्ध झालो तवा असल्या लय गोष्टी सोडून दिल्या. त्या काय कलेक्टरला इचारून न्हाई सोडल्या.”

हे मी आत्याला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “गुर्जी शिकलेले हायेत. त्यांनी तालुकदार कुटं बगितलाय?” आणि सरकी निवडत राहिली.

पुढं सत्काराची बैठक बसली ती आमच्याच ओसरीवर. सरपंच, गुरुजी, बापू आणि गावातले दोघंतिघं. मी दाराआड कान लावून. प्रत्येकाला हार, शाल, नारळ आणि डोक्याला फेटा, असं ठरत आलं होतं. बाकी सगळे बाप्ये होते, त्यांचं काहीच अडलं नाही. अडलं ते आत्यापाशी.

“हार कसा घालनार?” सरपंच म्हणाले. “परक्या बाप्यानं बाईच्या गळ्यात हार घातला तर त्याला काय म्हंतेत?”

कुणीतरी खोकलं.

“लगीन म्हंतेत,” सरपंचांनीच सांगून टाकलं.

हार गेला. शाल? परक्या बाईच्या अंगावर पांघरूण टाकायचं, ते तर हाराहून वाईट. नारळ? बाईला नारळ द्यायचा तो ओटीत, आणि विधवेची ओटी कुणी भरत नाही. कुंकू लावायचा प्रश्नच नव्हता. राहिला फेटा. फेट्याचं नाव निघाल्यावर सगळे खो खो हसले. मी दाराआड दात ओठ खात होते, पण खोटं कशाला बोलू, मला त्यातली गंमतही वाटत होती. एका बाईचा मान करायला एवढ्या मोठ्या गावात एकही वस्तू नव्हती!

“म्हणजे हार गेला, शाल गेली, नारळ गेला, फेटा गेला,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “राहिली ती बाईच.”

त्यावर सरपंचांनी तोड काढली. आत्याच्या वतीनं बापूंनी स्टेजवर जावं, सगळं त्यांनीच घ्यावं. सख्खा भाऊ आहे, कुणाला वावगं वाटणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. बापूंनीही हलवली.

तेवढ्यात आत्या माझ्या शेजारून तरातरा ओसरीवर गेली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी गेल्याचं मला आठवत नाही. बापूंसमोर उभी राहून म्हणाली, “मी नाक्यावर गेले तवा तू गेलतास का माज्या बदली?”

बापू खाली बघत म्हणाले, “आक्का, लोक हसतील.”

“हसू दे की. हसल्यानं कुनी मेलंय का आजपस्तोर?”

“मला न्हाई बगवनार गं,” बापू म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की आत्याचा पाराच उतरला. ती आत आली. मला बापूंचा संताप आला होता, पण ते आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं असंही वाटलं. भावाला खरंच तिची काळजी होती. तीच तर अडचण होती.

कलेक्टरच्या दिवशी आत्यानं सकाळीच तिचं फिकट जांभळं लुगडं साबणानं धुऊन वाळत घातलं. मी समजले काय ते.

शाळेचं मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. पेडगावकडचेही लोक बैलगाड्या जुंपून आले होते. जीप आली. तिच्यातून आधी एक माणूस उतरला, उंचापुरा, छातीवर लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, मिशा पिळलेल्या. म्हाताऱ्यांनी त्यालाच वाकून रामराम केला. तो पट्टेवाला निघाला. त्याच्या मागून उतरला तो कलेक्टर. पोरगेलासा, काळासावळा, बुशशर्ट घातलेला, धुळीनं डोळे चोळणारा. आमच्या गावातल्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, “आगं, ह्यो? ह्यो हाय व्हय जिल्ह्याचा मालक?” मीही टक लावून बघत होते. दक्षिणेकडचा होता म्हणे, मराठी अजून शिकत होता. आत्या माझ्या शेजारी बसली होती. ती पुटपुटली, “लेकरू हाय गं,” आणि मला वाटलं, आता हिचा धीर सुटतोय.

एकेकाला बोलावून सत्कार व्हायला लागले. आमच्या गावचा एक म्हातारा फेटा बांधण्यात पटाईत, तो चटचट बांधायचा, मग कलेक्टर हार घालायचे, शाल पांघरायचे, नारळ द्यायचे, टाळ्या. गुरुजींनी आत्याचं नाव पुकारलं. पुरुषांच्या बाजूनं बापू उठले. बायकांच्या बाजूनं आत्या उठली. दोघं स्टेजच्या पायऱ्यांशी समोरासमोर आली.

“आक्का, खाली बस,” बापू हळूच म्हणाले.

“तू चल म्होरं. मी मागं हाय.”

आता गावासमोर भांडायचं कसं? दोघंही वर चढली. कलेक्टरांनी एकदा बापूंकडं, एकदा आत्याकडं बघितलं आणि हिंदीत विचारलं, सत्कार नेमका कुणाचा? सरपंच घाईघाईनं बापूंकडं हात करायला लागले. बापू नुसते उभे राहिले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, “हिचा सायब. मी तवा ल्हान व्हतो.” आणि बाजूला सरकले. बापूंना खोटं कधी जमलंच नाही, त्याबद्दल मी आयुष्यभर त्यांची ऋणी आहे.

कलेक्टरांनी हार उचलला, तो आत्यानं गळ्यापर्यंत येऊ न देता दोन्ही हातांत घेतला. शाल हातात घेतली. नारळही हातात. किती सोपं होतं बघा! ओसरीवर एवढी डोकी एवढा वेळ झिजली आणि हात कुणालाच सुचला नव्हता. राहिला फेटा. फेटेवाला म्हातारा कापड घेऊन नुसता उभा. सरपंचांकडं बघतोय, सरपंच जमिनीकडं बघतायत. कलेक्टरांना त्यातलं काही ठाऊक नाही, ते म्हणाले, “बांधिए, बांधिए.”

“बांध की रं,” आत्या म्हणाली. “डोस्कं मला बी हाय.”

म्हाताऱ्यानं पदरावरूनच फेटा बांधला. आधी पोरं हसली, मग बाया पदरात तोंड घालून हसल्या, मग सगळं मैदान हसायला लागलं. बापूंना ज्याची भीती होती तेच झालं. त्यांची मान खाली गेली. मला असा राग आला की शेजारी हसणाऱ्या बाईच्या मांडीला मी करकचून चिमटा काढला. ओरडली ती. ओरडू दे.

आत्या मात्र जागची हलली नाही. फेटा एका कानावर कललेला, हातात हार, शाल, नारळ. कलेक्टरांना मराठी धड येत नाही हे तिनं ताडलं होतं. नाक्यावरच्या शिपायांशी बोलून बोलून तिला दखनी उर्दू चांगली यायची, त्यात तिनं सुरू केलं.

“साब, मेरेकू एक हुकुम होना.”

“बोलिए माँजी.”

“मेरी भतीजी की शादी है. मैं पाली उसकू. हल्दी मैं लगाती. इनों लगाने नै देते, बेवा है बोलके. तुम बोलो इनकू.”

हसणं बंद झालं. स्टेजवरचा भोंगा चालूच होता, त्यातून शब्द न् शब्द मैदानभर गेला होता. मी खाली मान घातली, कारण आता सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या होत्या.

कलेक्टरांनी गुरुजींना जवळ बोलावून काहीतरी विचारलं, गुरुजींनी दोन वाक्यांत सांगितलं. मग ते आत्याला म्हणाले, “माँजी, ज़मीन का हुकुम मेरे पास है. पानी का है, राशन का है. हल्दी का नहीं है.”

“तालुकदार देता था,” आत्या म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, एखाद्याला आठवण करून द्यावी तशी.

टाळता आलं असतं त्या पोरगेल्या साहेबाला. सरकारी माणसं हसून विषय बदलतात तसा बदलता आला असता. त्यानं उलट विचारलं, “आपके घर में हुकुम किसका चलता है?”

आत्यानं मागं न बघता बापूंकडं बोट केलं. “इसका.”

सगळं मैदान बापूंकडं बघायला लागलं. कापसाचा भाव सोडला तर चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा बाप. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता म्हणणार, घरी बघू. घरी बघू म्हणजे कधीच नाही, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आत्याच्या कललेल्या फेट्याकडं बघितलं, आणि पुढं होऊन दोन्ही हातांनी तो सरळ केला. मग भोंग्याच्या माईकजवळ तोंड नेलं.

“माज्या पोरीची पयली हळद आक्का लावील.”

कुणी टाळी वाजवली नाही. बापूंनी वाट बघितली आणि आणखी म्हणाले, “कुनाला जमत नसंल त्यानं त्या दिवशी आपल्या घरी बसावं.”

टाळी वाजवली ती एकट्या कलेक्टरनं. त्याच्या मागून पट्टेवाल्यानं.

घरी आल्यावर मायनं कपाळ बडवून घेतलं. “पाव्हणे काय म्हनतील? लगीन मोडलं तर पोरीला काय घरात ठिवून लोनचं घालायचं?” तिचंही खोटं नव्हतं. सासर वालूरचं. नवरदेवाचे वडील तो लहान असतानाच वारलेले, सगळा कारभार त्याच्या चुलत्यांचा, आणि चुलते कडक. आम्ही कळवायच्या आधीच बातमी वालूरला पोचली होती. चुलत्यांचा निरोप आला, की नवरदेवाची उष्टी हळद आमच्या सवाशिणी आणतील, ती सवाशिणीच लावतील, रीत मोडणार नाही. बापूंनी उलट निरोप दिला, पहिली हळद आक्का. त्यावर तिकडून काहीच आलं नाही. होही नाही, नाहीही नाही. ते दिवस कसे गेले माझं मला ठाऊक. लग्न मोडलं तर बरंच, अशी बढाई मी आत्यासमोर मारायची आणि एसटीचा भोंगा वाजला की दारात धावायची.

वऱ्हाड आलं. आलं एकदाचं! जानवशावर नवरदेवाला हळद लागली आणि त्यातली उरलेली वाटीत घेऊन त्यांच्या बायका आमच्या मांडवात आल्या. मी पाटावर. वाटी चुलत सासूच्या हातात, आणि तिनं ती छातीशी गच्च धरलेली. आमच्या चुलत चुलत्या एका बाजूला ओळीनं उभ्या. बापू मांडवाच्या तोंडाशी. सगळं होतं, आत्याच नव्हती.

“आक्का कुटं हाय?” बापूंनी विचारलं.

मी उठले. नवरीनं हळदीच्या पाटावरून उठू नये म्हणतात. उठले. आत्या धान्याच्या खोलीत कणगीमागं बसलेली. मी हात धरला तर तिनं सोडवून घेतला.

“नको गं बाई. तुज्या बापानं म्हनलं तितंच मला समदं मिळालं. माज्या हातानं तुजं काई वंगाळ झालं तर? मी कुटं तोंड दावू?”

इतके दिवस मला वाटत होतं की ही रीत गाव मानतं, चुलते मानतात, माय मानते. आत्या मानत नसेल. तीच तर सगळ्यांत जास्त मानत होती! नवरा गेला तो आपल्या पायगुणानं, असं तिला खरोखर वाटत आलं होतं, आणि ते तिनं मला कधी कळू दिलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि रागही आला.

“मग त्या कलेक्टरला कशाला ताप दिलास?” मी ओरडले. “तुझ्या हातचं खाऊन मी एवढी झाले. वाईट व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं. चल ऊठ!”

मी तिला मनगटाला धरून ओढतच मांडवात आणली आणि पाटावर बसले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. चुलत सासू वाटी सोडेना. मग माझी माय, जिनं इतके दिवस कपाळ बडवून घेतलं होतं, ती पुढं झाली, पाहुणीच्या हातातून वाटी काढून घेतली आणि आत्यापुढं धरली. “लावा वन्सं,” म्हणाली. “पोरगी आखडून गेली बसून बसून.”

आत्यानं बोटं बुडवली. आधी पायाला, मग गुडघ्याला, खांद्याला, मग कपाळाला. लावून झाल्यावर ती आपल्याच पिवळ्या बोटांकडं बघत बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. मायनं दोघींना दटावलं, की हळदीत रडू नये, आणि स्वतः नाक ओढलं.

तेव्हा मला मांडवाच्या खांबाबाहेर उभी असलेली बाई दिसली. उन्हात, एकटी, वऱ्हाडातल्या बायकांची लेकरं सांभाळत. कपाळ मोकळं, अंगावर विटकं लुगडं. मी तिला ह्याआधी बघितलेलं नव्हतं. मुलगी बघायला चुलते आले होते, सुपारीला चुलते आले होते. ती कडेवरचं लेकरू खाली ठेवून दोन पावलं पुढं आली आणि खांबापाशीच थांबली.

“आक्का,” तिनं आत्याला हाक मारली. “नवरदेव माजा ल्योक हाय. त्याला मला लावता आली न्हाई. सुनंला लावू का जराशीक?”

चुलत सासू काहीतरी बोलायला गेली. आत्यानं पदरानं डोळे पुसले, मायच्या हातातली वाटी घेतली आणि तिच्यापुढं केली.

“मला काय इचारता?” आत्या म्हणाली. “सून तुमची हाय.”

सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि मांडवात पाय टाकला.